हरणाऱ्याच्या घरची वाट

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेविका म्हणून निवडणुकीच्या कामावर तुझी निवड झाल्याचं तुझ्या आईने काल फोनवर सांगितलं. देश अजून ठरायचा आहे, पण तो नुकताच युद्धातून बाहेर पडलेला असणार. मतपत्रिका, पेट्या, याद्या हे सगळं तुला प्रशिक्षणात शिकवतील. तिथे कदाचित सुटेल असं एक सांगायचं आहे, म्हणून हे पत्र.

मी तहसीलदार असताना जिल्हा परिषदेच्या एका निवडणुकीत एक उमेदवार अगदी थोड्या मतांनी हरला. त्याने फेरमोजणी मागितली, ती झाली, आकडा तोच आला. त्याने कागदावर सही केली, आमच्याबरोबर चहा घेतला आणि शेवटच्या एसटीने गावी गेला. जाताना जिंकलेल्याच्याच गावावरून बस जात होती. त्या रात्री मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पुढे आफ्रिकेतल्या अंगोलाबद्दल वाचलं तेव्हा ती एसटी आठवली.

अंगोलात 1991च्या मे महिन्यात सरकार आणि बंडखोर यांच्यात बिसेस हा शांतता करार झाला आणि 29 व 30 सप्टेंबर 1992ला मतदान. देश महाराष्ट्राच्या चौपट. मतदानाच्या वेळी संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक सुमारे 400 आणि मतदान केंद्रं जवळपास 6000. संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या मिशनच्या प्रमुख मार्गारेट ॲन्स्टी वारंवार माणसं आणि साधनं मागत राहिल्या. लोकांनी मात्र आपलं काम चोख केलं, नोंदणी झालेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक रांगेत उभे राहिले. राष्ट्राध्यक्ष दोस सांतोस यांना 49.57 टक्के, बंडखोरांचे नेते साविंबी यांना 40.07. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नव्हती म्हणून दुसरी फेरी व्हायची होती, ती झालीच नाही. साविंबींनी निकाल नाकारला, ऑक्टोबर संपता संपता राजधानी लुआंडात गोळ्या सुटल्या आणि युद्ध आणखी दहा वर्षं चाललं.

मतदान वाईट झालं म्हणून हे घडलं नाही. संयुक्त राष्ट्रांनी ते साधारणपणे मुक्त आणि न्याय्य ठरवलं होतं. पण दोन्ही बाजूंच्या फौजा विसर्जित करण्याचं काम त्याच दोन बाजूंवर सोपवलं होतं, मिशनला फक्त पाहायचं होतं. मतदानाच्या दिवशी दोघांकडेही बंदुका होत्या. आणि राष्ट्राध्यक्षपद एकच. जो हरेल त्याच्या हाती काहीच उरणार नव्हतं.

दोन वर्षांनी त्याच खंडाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, मोझांबिकमध्ये, हा धडा घेतला गेला. तिथलं यादवी युद्ध थांबवणाऱ्या रोम करारानुसार निवडणूक 1993च्या ऑक्टोबरपर्यंत व्हायची होती. मिशनचे प्रमुख आल्दो आयेल्लो यांनी घाई होऊ दिली नाही. आधी सैनिक छावण्यांत आणा, शस्त्रं जमा करा, मग मतदान. वर्ष गेलं. सहा हजारांहून अधिक सैनिक तिथे होते, त्यात आपल्या भारतीय लष्कराच्या तुकड्याही होत्या. रेनामो ही बंडखोर संघटना पक्ष बनावी म्हणून विश्वस्त निधी उभारला गेला. कचेऱ्या, गाड्या, घरं यांसाठी पैसा दिला. घरी परतणाऱ्या सैनिकाला दोन वर्षं पगारासारखी रक्कम मिळत राहील अशी सोय केली, त्यातले अठरा महिने देणगीदार देशांच्या पैशातून. अनेकांना ही लाच वाटली. माझं मत वेगळं आहे. जंगलातून बाहेर येणाऱ्या माणसाला शहरात बसायला खुर्ची नसेल, तर तो पुन्हा जंगलातच जाणार.

निवडणूक आयोगात 21 सदस्य होते: सरकारचे 10, रेनामोचे 7, इतर पक्षांचे 3 आणि सर्वांनी मान्य केलेला एक अध्यक्ष. तरीही मतदानाच्या तोंडावर रेनामोचे नेते ढ्लाकामा बहिष्कार जाहीर करून बसले. शेजारी देशांनी आणि राजदूतांनी समजूत घातली, तक्रारी ऐकण्याचं वचन दिलं, ते परतले, आणि मतदान एक दिवस वाढवलं. निकालात 250 पैकी 112 जागा रेनामोला. हरले, पण संसदेत बसले.

पुढे तिथेही विश्वास झिजला, 2013मध्ये पुन्हा चकमकी झाल्या. एका निवडणुकीने केलेलं काम पिढीभर पुरत नाही, हे तू आधीच समजून घेतलेलं बरं. कंबोडियाचं उदाहरण तर जास्तच बोचतं. 1993मध्ये संयुक्त राष्ट्रांचे जवळपास 22000 लोक तिथे होते. मत गुप्त राहतं हे मिशनचा रेडिओ रोज सांगत होता आणि जपानमधून आलेले हजारो रेडिओ संच गावोगाव पोचले होते. ख्मेर रूज या सशस्त्र कम्युनिस्ट संघटनेचा बहिष्कार आणि धमक्या असूनही जवळपास 90 टक्के लोकांनी मत दिलं. फुनसिनपेक या राजेशाहीवादी पक्षाला 58, आधीपासून सत्तेवर असलेल्या हुन सेन यांच्या पक्षाला 51 जागा. पण पोलीस, जिल्ह्यांचा कारभार आणि सैन्य होतं हरलेल्याच्या हातात. तोडगा म्हणून दोन पंतप्रधान नेमले. त्या वर्षीच मिशन परतलं आणि 1997मध्ये हुन सेन यांनी बळाने दुसऱ्याला हटवलं.

म्हणून तिथे पोचल्यावर मतपेट्या मोजण्याआधी विचार: बंदुका कुठे आहेत, किल्ली कुणाकडे आहे? पोलिसांचा पगार कोण देतं? हरलेल्या पक्षाला संसदेत, जिल्ह्यात, निदान तालुक्यात काही मिळणार आहे का? मोजणी मतदान केंद्रातच होते का, आणि निकालाचा कागद दारावर चिकटवतात का? या कागदाबाबत तडजोड करू नकोस. प्रत्येक पक्षाच्या प्रतिनिधीला त्याची प्रत मिळाली, तर वरच्या आकड्याबद्दलची अफवा गावातच अडते.

दुभाष्याशी चांगलं वाग. तू परत येशील, तो तिथेच राहणार आहे, आणि तुझ्या तोंडचं वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडलेलं लोक लक्षात ठेवतात.

परदेशी निरीक्षक मतदानानंतर निवेदन काढतात आणि बरेचसे काही दिवसांत विमानात बसतात. तू थांब. निकालाच्या तिसऱ्या दिवशी हरलेल्या पक्षाच्या कचेरीत जा. तक्रारी लिहून घे, अर्ज कुठे आणि कधीपर्यंत द्यायचा ते सांग, आणि त्यांचे केंद्रांवरचे प्रतिनिधी सगळे घरी पोचले का ते नावानिशी विचार.

देश कळला की लगेच कळव. बॅटरी आणि ताप-जुलाबाची औषधं इथूनच घेऊन जा.

तुझा,
काका