क्रँक सेन्सर नवा, तरी गाडी घाटात बंद

प्रश्न : माझ्याकडे २०१३ची पेट्रोल कार आहे. मे महिन्यात चाळीसगावहून संभाजीनगरला जाताना कन्नड घाटात चालती गाडी एकदम बंद पडली. सेल्फ फिरायचा, पण इंजिन उचलत नव्हतं. अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप चालू झाली. गावी आल्यावर पेट्रोल पंप बदलून घेतला. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मग स्कॅनर लावला, पी ०३३५ हा कोड आला, म्हणून क्रँक सेन्सर नवा टाकला. महिनाभर बरी चालली आणि परवा त्याच घाटात पुन्हा थांबली. कोडही तोच. आता गॅरेजवाले म्हणतात, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला. बदलू का?
— एक शिक्षक, पारोळा

उत्तर : सर, ईसीएमला अजून कुणाला हात लावू देऊ नका. पी ०३३५ म्हणजे सेन्सर मेला असं नाही, आणि ईसीएम गेला असं तर नाहीच. क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे, एवढंच तो कोड सांगतो. सर्किटमध्ये सेन्सर आला, त्याचा कपलर (वायर जोडायचा प्लग) आला आणि तिथून ईसीएमपर्यंत जाणाऱ्या वायरी आल्या. तुमचा पंप बदलून झाला, सेन्सर बदलून झाला. पण मधली वायर कुणी तपासली, असं तुमच्या पत्रात कुठेच नाही. जळगावात इतकी वर्षं गाड्यांचं वायरिंगच करत आलोय, म्हणून सांगतो : माझा पहिला संशय त्या वायरीवर आणि कपलरवर आहे.

क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा. त्याच्यासोबत एक दातेरी चकती फिरते. बऱ्याच गाड्यांत तिच्यावर ६० दात्यांची जागा असते, म्हणजे दर ६ अंशांना एक दाता, आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. ती मोकळी जागा सेन्सरसमोरून गेली की पिस्टन नेमका कुठे आहे ते ईसीएमला कळतं. ठिणगी कधी टाकायची, पेट्रोल कधी सोडायचं, ते सगळं या एका सिग्नलवर ठरतं. सिग्नल तुटला की ठिणगीही बंद आणि इंजेक्टरही बंद. काही गाड्या कॅम सेन्सरच्या (वाल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरच्या सेन्सरच्या) आधाराने कशाबशा चालतात, सगळ्या नाही.

आता घाटातच का? एक तर उष्णता. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४४-४५ला टेकतो, वर घाटात दुसऱ्या गिअरला चढणारं इंजिन. तापल्यावर इन्सुलेशन मऊ पडतं, पिनेचा सैल सांधा सुटतो. दुसरं कारण सहसा कुणी लक्षात घेत नाही. चढावर जोर लागला की इंजिन आपल्या माउंटिंगवर, म्हणजे ज्या रबरी आधारांवर ते बसवलेलं असतं त्यांवर, कलतं. माउंटिंगचं रबर बसलेलं असेल तर जास्तच कलतं आणि कपलरजवळची वायर ओढली जाते. सपाट रस्त्यावर पारोळा-धुळे कितीही फेऱ्या मारा, गाडी बंद पडणार नाही. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत तर दोष दिसणारच नाही, आणि म्हणून पार्ट बदलत बसायची वेळ येते.

पुढच्या वेळी गाडी बंद पडताना आरपीएमचा काटा बघा. गाडी गिअरमध्ये आहे, चाकं इंजिनाला फिरवताहेत, आणि तरी काटा झटक्यात शून्यावर आला, तर क्रँकचा सिग्नल गेला. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी आधी आचके देते, ओढ कमी होते आणि काटा वेगाबरोबर हळूहळू उतरतो. पंप बदलायच्या आधी एवढं विचारलं असतं तरी तुमचा तो खर्च वाचला असता. मग सेल्फ मारताना स्कॅनरच्या लाइव्ह डेटात आरपीएम बघायला सांगा. २०० च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. सेल्फ फिरतोय आणि आकडा शून्य, म्हणजे दोष तिथेच.

मग वायर. इंजिन चालू ठेवून, पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून, सेन्सरच्या कपलरपासून वर जाणारी वायर वीतभर-वीतभर हलवत, किंचित वाकवत जायचं. जिथे इंजिन अडखळलं तिथे थांबा. सायलेन्सरच्या पाइपजवळून वायर जाते ती जागा आणि पत्र्याच्या क्लिपेत ती दाबून बसवलेली जागा, या दोन ठिकाणी जास्त वेळ द्या. बाहेरचं इन्सुलेशन अखंड दिसतं. पण बोटांत धरून वाकवलं की एका जागी वायर नको तेवढी मऊ लागते. तिथे चिरून पाहिलं तर आतले तांब्याचे तंतू हिरवट होऊन तुटलेले, एखाद-दुसराच धरून राहिलेला. तो एक तंतू थंड असताना सिग्नल नेतो आणि ताण आला की सोडतो. गाडी शेतात किंवा खळ्यावर उभी राहत असेल तर उंदरांच्या दातांच्या खुणाही शोधा.

कपलर सोडवून पिनाही बघा. ऑइल शिरलंय का, पिन मागे सरकलीय का, तोंड फाकलंय का. त्याच मापाची सुटी पिन घालून ओढायची. अलगद निघून आली तर ती पकड पुरेशी नाही, टर्मिनल बदलावं लागेल.

नव्या सेन्सरलाही मी सूट देणार नाही, कारण बाजारात डुप्लिकेट माल भरपूर आहे. दोन वायरींचा, कॉइलचा असेल तर मीटरने रोध मोजा. बहुतेकांचा ५०० ते १५०० ओहमच्या दरम्यान येतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. मोजणी थंड असताना एकदा आणि हेअर ड्रायरने तापवून एकदा करायची, सगळी गंमत या दुसऱ्या मोजणीत आहे. तांब्याचा रोध तापल्यावर वाढतोच : ३० अंशांना ९०० ओहम असेल तर ९० अंशांना ११०० च्या आसपास जाईल, ते ठीक. पण तापल्यावर मीटर ओपन (आतली तार तुटल्यासारखं) दाखवू लागला तर सेन्सर बाद. तीन वायरींचा हॉल सेन्सर असेल तर ओहम मोजून काही कळत नाही. चावी ऑन करून कपलरवर सप्लाय येतोय का (५ व्होल्ट, काही गाड्यांत १२), अर्थिंग पक्की आहे का आणि इंजिन फिरताना सिग्नल वर-खाली होतोय का, ते बघायचं.

वायर तुटलेली निघाली तर पिळून टेप गुंडाळू देऊ नका. पुढच्या मे महिन्यात परत याल. खराब तुकडा कापून काढा, त्याच जाडीची वायर जोडा, सांधा क्रिम्प (पक्कडीने दाबून पक्का) किंवा सोल्डर करा, वरून हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी. मूळ वायरीला जाळीचं कवच असेल तर तेही सलग जोडलं गेलं पाहिजे, नाहीतर अल्टरनेटरचा गोंधळ सिग्नलमध्ये शिरतो. वायरीला थोडा ढिलावा द्या, सायलेन्सरपासून लांब बांधा. माउंटिंग बसलेलं असेल तर तेही याच वेळी बदला. मग कोड पुसायचा आणि सर, गाडी घाटातच चढवून बघायची, शक्यतो भर दुपारी आणि मेकॅनिकला शेजारी बसवून.

प्रश्न : क्रँक सेन्सर गेलेली गाडी धक्का मारून चालू होते का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : सिग्नल पूर्ण गेला असेल तर नाही. धक्क्याने इंजिन फिरेल, पण ठिणगी आणि पेट्रोल मिळणार नाही. बोनेट उघडून इंजिन गार होऊ द्या. सेन्सर हाताशी असेल तर फक्त त्याच्यावर ओलं फडकं ठेवा; तापलेल्या इंजिनावर किंवा सायलेन्सरवर पाणी ओतू नका. फडकं ठेवल्यावर लगेच चालू झाली तर उष्णतेने सेन्सर किंवा त्याचा कपलर सोडतोय असं धरा आणि थेट गॅरेज गाठा. मागे ट्रक असताना हायवेवर गाडी बंद पडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

प्रश्न : माझी डिझेल जीप पॅसेंजरवर चालते. क्लच प्लेट बदलल्यापासून पी ०३३६ येतोय, गाडी उशिरा चालू होते. सेन्सर बदलू का?
— एक चालक, शिरपूर

उत्तर : दादा, काम क्लचचं झालं आणि लगेच कोड आला, म्हणजे त्या कामातच शोधायचं. सिग्नल येतोय पण वेडावाकडा, असं ०३३६ सांगतो. सेन्सर काढून टोक बघा. तिथे लोहचुंबक असेल तर लोखंडाचा कीस चिकटतो, तो पुसून टाका. बोल्ट पूर्ण आवळलाय का, सेन्सर तिरका बसलाय का, गिअरबॉक्स चढवताना वायर चिमटली का, हे पाहून घ्या. सेन्सर आणि दाते यांच्यातली फट साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर असते, थोडीशी वाढली तरी फरक पडतो. एवढं करूनही कोड राहिला तर सेन्सरच्या भोकातून टॉर्च मारा आणि कुणाला तरी पान्याने क्रँक हळूहळू फिरवायला सांगा. चावी काढलेली आणि बॅटरीची निगेटिव्ह सोडवलेली असू द्या. पूर्ण फेरा बघा. एखादा दाता वाकलेला किंवा ठेचलेला दिसला तर सेन्सर कितीही बदला, फरक पडणार नाही. गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल, आणि ज्यांनी क्लच टाकला त्यांनीच तो उतरवून द्यावा, असं स्पष्ट सांगा.