इस्टेट सेलमधले जुने रीलोडिंग प्रेस घ्यावेत का, आणि घेतले तर दुरुस्त कसे करावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओहायोत एका इस्टेट सेलमध्ये (घरातलं सगळं सामान निकालात काढायच्या विक्रीत) काडतुसं पुन्हा भरायचे दोन जुने प्रेस दिसले. एक हिरवा आरसीबीएस ज्युनियर, दुसरा गंजून तांबडा झालेला हर्टर्सचा सी-आकाराचा. दोन्हींचा रॅम, म्हणजे वर-खाली सरकणारा दट्ट्या, जाम आहे. सोबत डाय (काडतुसाच्या पुंगळीला, म्हणजे धातूच्या कवचाला, आकार देणारे साचे), सुटे भाग आणि डबे असलेलं एक खोकं. घ्यावं का?

ज्युनियर घ्या. हर्टर्स घ्यायचा की नाही ते खोक्यात काय आहे त्यावर ठरेल. जाम रॅम आणि गंज बघून लोक मागे सरतात, पण या यंत्रांत गंज हा सगळ्यात स्वस्तात सुटणारा दोष आहे. प्रेस बाद होतो तो बिडाला गेलेल्या तड्याने, खराब झालेल्या आट्यांनी किंवा आता कुठेच न मिळणाऱ्या एखाद्या बारीक भागाने.

आधी तडा शोधा. सी-आकाराच्या फ्रेममध्ये सगळा ताण सीच्या पाठीच्या आतल्या वळणावर येतो. रायफलची पुंगळी पूर्ण लांबीच्या डायमध्ये रेटली की सी किंचित उघडतो, आणि वर्षानुवर्षं तसंच झालं की तिथेच चीर सुरू होते. ओ-आकाराच्या ज्युनियरमध्ये फ्रेम चारही बाजूंनी बंद असल्यामुळे हा त्रास फारच कमी. त्याचे बेंचला बसणारे पाय, बोल्टच्या भोकांभोवतीचा भाग आणि खालच्या पिनांची भोकं बघा. फ्रेमला लहान हातोडीने टिचकी मारा. अखंड बीड घुमतं, तडकलेलं बद्द वाजतं. घरी आणल्यावर खात्री करायची असेल तर आपली जुनी युक्ती चालते: रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा, वर खडूची पूड चोळा. चीर असेल तर रॉकेल पाझरून रेघ उमटते. सीच्या वळणात तडा असलेला प्रेस फुकट मिळाला तरी घेऊ नये. बिडाचं वेल्डिंग होतं, पण नेमक्या त्या जागी मी त्याच्यावर भरवसा ठेवणार नाही.

सेलला जाताना खिशात तीन वस्तू असू द्या: लोहचुंबक, ७/८ इंच व्यासाचा आणि इंचाला १४ आटे असलेला बोल्ट, आणि एक आजकालचा साधा शेल होल्डर. रायफलच्या .३०-०६ काडतुसासाठीचा आरसीबीएसचा ३ नंबरचा चालेल. ७/८-१४ हे धातूच्या पुंगळ्यांच्या डायचं आजचंही प्रमाण माप आहे. बोल्ट हाताने पूर्ण खाली उतरला तर आजचे डाय त्या प्रेसला बसतील. अर्ध्यात अडला तर बहुधा गंज किंवा रंग असतो, आणि त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं अवजार) तेल लावून हलक्या हाताने वरून फिरवला की काम भागतं. बोल्ट खिळखिळा हलत असेल तर आटे गेले, सोडून द्या. लायमनचा ट्रू-लाइन ज्युनियर दिसला तर हा बोल्ट बसणारच नाही, कारण त्याचे डाय ५/८ इंच आणि ३० आट्यांचे असतात, लायमनच्या ३१० नंबरच्या चिमट्यासारख्या हातयंत्राचे असतात तेच. यंत्र गोड आहे, पण डायसकट मिळालं तरच घ्यावं. शॉटगनचे प्रेस, मेकचे वगैरे, हे वेगळंच प्रकरण आहे. ते यात मोजू नका.

शेल होल्डर म्हणजे रॅमच्या डोक्यावर बसून पुंगळीची कड धरणारा तुकडा. ज्युनियरमध्ये सहसा आजचा होल्डर सरकून बसतो. तो धरणारी सीच्या आकाराची बारीक स्प्रिंग हरवलेली असेल तर काही डॉलरांत नवी मिळते. हर्टर्सचं मात्र तसं नाही. मिनेसोटातल्या वसेका गावची ही कंपनी होल्डर स्वतःच्या मापाचे बनवायची, आणि कंपनी कधीच बंद झाली. जुन्या हर्टर्समध्ये आजचा होल्डर बसत नाही. एकतर खोक्यात मूळ होल्डर हवेत, किंवा आजचा होल्डर बसवणारा अ‍ॅडॉप्टर शोधावा लागतो. म्हणून खोकं आधी उपसा. त्यात हर्टर्सचे दोन-तीन होल्डर आणि प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बारीक टोपी, बसवायचा आर्म निघाला तर तो गंजका प्रेसही घ्या. नाहीतर त्याचे पैसे ज्युनियरच्या डायवर घाला.

आता खोक्याबद्दल एक गोष्ट, जी विकणारा सांगणार नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यात प्रेस म्हणजे निव्वळ अवजार, त्याला परवाना लागत नाही. पण ‘अम्युनिशन’च्या व्याख्येत नुसतं तयार काडतूस येत नाही, तर पुंगळी, प्रायमर, गोळी आणि बंदुकीची दारू हे सुटे भागही येतात. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला अम्युनिशन जवळ बाळगायला मनाई आहे. चालू हंटिंग लायसन्स असणं हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक. म्हणजे ‘सगळं खोकं वीस डॉलर’ म्हणून उचललंत आणि तळाशी प्रायमरचा डबा निघाला, तर विनाकारण गुन्ह्यात अडकाल. प्रेस, डाय, होल्डर, तराजू तेवढे वेगळे घ्या आणि बाकीचं तिथेच ठेवा. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर ही अडचण नाही, पण राज्याचे नियम वेगळे असतात, ते बघा. स्वतःपुरतं भरायला संघीय परवाना नको, विकायला भरायचं तर हवा. आणि ‘शोभेची वस्तू’ म्हणून प्रेस पुण्याला पाठवायचा विचार असेल तर आधी तिथल्या वकिलाला विचारा. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार काडतुसं बनवायला परवाना लागतो, आणि कस्टमवाल्यासमोर शोभेचं स्पष्टीकरण देत बसण्यात मजा नाही.

उघड्या डब्यातली, लेबल नसलेली किंवा लेबलावर विश्वास ठेवता येणार नाही अशी दारू कुणीही वापरू नये, आणि दुसऱ्याने भरलेली जुनी काडतुसं झाडू नयेत. हा सल्ला व्हिसा कुठलाही असला तरी लागू.

या सेलमध्ये जमलं नाही तर गन शो, शेतघरांचे लिलाव आणि गनब्रोकरसारख्या साइट बघा. टपालाने मागवताना विकणाऱ्याला दांडा सोडवून वेगळा गुंडाळायला सांगा. आटे वाकतात किंवा प्रायमर आर्म तुटतो तो वाटेतच. अमेरिकी टपालाच्या फ्लॅट रेट खोक्यात ७० पौंडांपर्यंत वजन चालतं, त्यामुळे बिडाच्या प्रेसला ते स्वस्त पडतं. फक्त खोकं आतून दुहेरी पुठ्ठ्याने मजबूत करायला हवं.

घरी आणल्यावर हातोडी किंवा हीट गन उचलण्याआधी आत जिवंत प्रायमर अडकलेला नाही ना ते बॅटरीने बघा: प्रायमर आर्मच्या कपात, रॅमच्या खाचेत, आणि भरायची उभी नळी असेल तर तिच्यात. नळीत अडकलेले प्रायमर काडीने ढकलू नका. एक उडाला की रांगेतले सगळे उडतात. तेलात बुडवल्याने प्रायमर मरतो हा गैरसमज आहे. अशी नळी तशीच बाजूला ठेवून अग्निशमन दलाला फोन करा.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. रॅमभोवतीची काळी, किरकिरीत घाण म्हणजे झडलेल्या प्रायमरची राख, आणि तिच्यात शिसं असतं. नायट्राइलचे हातमोजे घाला, ओल्या फडक्याने पुसा, कॉम्प्रेसरने हवा मारू नका, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये काही धुऊ नका. १९७८ च्या आधीचा रंग असेल तर त्यातही शिसं असल्याचं धरून चाला. कोरडा घासू नका, जाळून काढू नका.

रॅम सोडवताना घाई केली तर नुकसान हमखास. पिनांच्या टोकांना, रॅमच्या दोन्ही बाजूंना चांगलं भेदक तेल सोडा. अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळूनही चालतं, फक्त ते पेट घेणारं आहे आणि रंग खातं. रात्रभर ठेवा, परत सोडा. पिना कशाने अडकवल्या आहेत ते बघा: ई-क्लिप, सेटस्क्रू की रोल पिन. अडकवण काढल्याशिवाय पिन ठोकली तर भोकाचा काठ उडतो. ठोकायला पितळी पंच. कुठली पिन कुठल्या बाजूने निघाली याचे फोटो काढून ठेवा. रॅमच्या डोक्यावर, होल्डरच्या खाचेच्या ओठांवर कधीही थेट ठोकू नका. ते ओठ तुटले की रॅमच गेला. लाकडाचा ठोकळा ठेवून आधी खाली, मग वर, असं एकेक केस हलवत न्या. हलत नसेल तर फ्रेमवर उकळतं पाणी ओता. बाहेरचं बीड थोडं फुगतं आणि पकड सुटते.

गंजाला इव्हापो-रस्टसारखं द्रावण सगळ्यात सोपं. सुटे भाग तेल धुऊन त्यात पूर्ण बुडवा आणि १२ ते २४ तास ठेवा. अर्धवट बुडालेल्या भागावर पाण्याच्या पातळीची कायमची रेघ उमटते. गॅरेज गार असेल तर द्रावण फार हळू काम करतं. मोठ्या फ्रेमला विजेची पद्धत स्वस्त पडते: प्लॅस्टिकच्या बादलीत गॅलनला एक टेबलस्पून धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर, ऋण टोक प्रेसला, धन टोक साध्या लोखंडाच्या पट्टीला. पट्टी स्टेनलेसची वापरू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा. स्प्रिंगा आणि कडक केलेल्या पिना या बादलीत घालू नका, हायड्रोजन शोषून त्या ठिसूळ होतात. ज्या भागाला चुंबक चिकटत नाही, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा भाग, तोही नको. बाहेर काढल्यावर गरम पाण्याने धुवा, लगेच हेअर ड्रायरने वाळवा, तेल लावा. दहा मिनिटं उशीर केलात तर पुन्हा तांबूस झालेलं दिसेल.

रॅमला सँडपेपर लावायचा मोह आवरा. चार शून्यांचं स्टील वूल आणि तेल, एवढंच. खड्डे उरले तरी बिघडत नाही, उंचवटे तेवढे जायला हवेत. फ्रेमच्या भोकातही हेच.

मग झीज मोजा. रॅम वर नेऊन डोक्याला डायल गेज लावा आणि आडवं हलवा. पाच-सात थाऊचा (इंचाच्या हजाराव्या भागांचा) प्ले मी झीज म्हणून मोजणारच नाही. पुंगळी डायमध्ये शिरताना स्वतःच मध्यावर येते. त्यापेक्षा जास्त त्रास देतात दांडा आणि रॅम जोडणाऱ्या लिंकच्या पिना. भोकं लंबगोल झाली असतील तर दांड्याला वरच्या टोकाशी मोकळा झोल येतो. लेथवाल्याकडून भोक रीम करून गनमेटलचं बुश आणि ड्रिल रॉडची नवी पिन बसवून घ्या. नुसती जाड पिन वाकड्या भोकात ठोकली तर रॅम तिरका ओढला जातो. सरळपणा बघायला डाय बसवा, होल्डर त्याला जवळजवळ टेकवा आणि चारी बाजूंनी फीलर गेज घाला. फट सगळीकडे सारखी हवी.

रंग शेवटी, आणि द्यायलाच हवा असंही नाही. हॉलीवूड किंवा स्टार या बनावटीचं, संग्राहकांचं यंत्र हाती लागलं तर पुसा, तेल लावा, बस्स. नवा रंग दिला की किंमत उतरते. ज्युनियर, हर्टर्सला हॅमर्ड पेंट शोभतो. आट्यांत तोच ७/८ चा बोल्ट, रॅमच्या भोकात गुंडाळलेला कागद आणि पिनांच्या भोकांत लाकडी खुंट्या घालून मगच फवारा. रंग भोकात उतरला तर पहिल्याच दिवशी रॅम पुन्हा जाम.

जुळवताना पिनांना थोडं लिथियम ग्रीस, रॅमला पातळ तेलाचा हात. जास्त तेल म्हणजे प्रायमरच्या राखेची सहाण. बेंचची फळी दीड इंचाची तरी हवी, आणि खालून वॉशरऐवजी लोखंडी पट्टी, नाहीतर दांडा दाबताना फळीच उचलली जाते. प्रायमर आर्मचा मोठा कप .२१० इंचाचा आणि छोटा .१७५ चा, दोन्ही असले तर उत्तम. आर्मच नसेल तर त्याच्या मागे लागू नका, हातात धरायचं प्रायमिंग टूल वेगळं मिळतं आणि ते कामही नीट करतं. पहिली चाचणी प्रायमर आणि दारू नसलेल्या, वंगण लावलेल्या रिकाम्या पुंगळीवर. दांडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जोराने जायला हवा. मध्येच अडखळला तर डाय काढून नुसता रॅम चालवून बघा. तरीही अडखळत असेल तर दोष लिंकमध्ये आहे. मोकळा चालत असेल तर डायमध्ये गंज आहे, तो उघडून साफ करा.