उचलीच्या आधी

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

पुण्याची खोली सोडून गावी परतलास आणि गावासाठी विकासाचा आराखडा करायला घेतलास, वाचून बरं वाटलं. आराखड्यात शेततळी आहेत, झाडं आहेत, सौरपंप आहेत. पण आपल्या बीडमधल्या शिरूर-पाटोद्याकडची गावंच्या गावं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्याबद्दल एक ओळही नाही. सुरुवात तिथून कर.

सिंदफणेवरचा कोल्हापुरी बंधारा आठव. परतीचा पाऊस सरता सरता त्याची लोखंडी दारं बसवावी लागतात, फटी बुजवाव्या लागतात. नेमका तेव्हाच तोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रॅक्टर वेशीत येऊन उभा राहतो. गावात उरतात म्हातारी माणसं. दारं कोण बसवणार? पाणी वाहून जातं, रब्बी बुडते आणि पुढच्या साली आणखी चार घरं उचल घेतात. बंधाऱ्याचं काम पक्कं आहे रे, तो राखायला माणूस नाही.

उचल नीट समजून घे. पावसाळ्यात हाताला काम नसतं आणि दवाखाना, लग्न, बी-बियाणं तर थांबत नाही, तेव्हा मुकादमाकडून घेतलेली ती आगाऊ मजुरी. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मग ती फिटेपर्यंत पहाटेपासून तोडणी, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं. कित्येकांची हंगाम संपला तरी फिटत नाही, बाकी पुढच्या सालावर जाते. खाडा झाला की दंड, म्हणून बायका दुखणं अंगावर काढतात. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. ते वाचलं तेव्हा मला माझ्या वर्गातल्या मुली आठवल्या. दिवाळीनंतर हजेरीपटावर ज्यांच्या नावापुढे ओळीनं गैरहजेरी लागायची, त्या.

मागेल त्याला काम देण्याचं, म्हणजे रोजगार हमीचं, धाडस याच महाराष्ट्रानं केलं. वि. स. पागे यांनी कल्पना मांडली, १९७२ च्या दुष्काळात तिनं लाखो चुली पेटत्या ठेवल्या, १९७७ मध्ये कायदा झाला. पण आपले लोक काम तोंडी मागतात, आणि तोंडी मागणीची नोंद कुठंच राहत नाही. तू लेखी अर्ज भरून घे, तारखेची पोच घे. आणि हे उचल वाटायला लागायच्या आत कर. एकदा ती अंगावर पडली की गावात काम निघूनही उपयोग नसतो.

सगळं गाव थांबेल अशी आशा धरू नकोस. रोजगार हमीवर एकरकमी पैसा मिळत नाही, मजुरीही रखडते. पहिल्या वर्षी दहा घरं थांबली तरी पुष्कळ. जी जातील त्यांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळेकडून वेळेत जाऊ दे, त्यात हयगय नको.

आणि उद्या सकाळी बंधाऱ्याकडे जा. दारं कुठं पडली आहेत बघ. धड किती, गंजलेली किती, मोजून मला कळव.

तुझे,
सर