तुझ्या लेखावर विसंबून कुणीतरी घरातून निघणार आहे

प्रिय मित्रा,

तू पाठवलेले सगळे लेख वाचले. भंडारदऱ्याचा दोनदा वाचला. तुझ्याकडे भाषा आहे, चालायची तयारी आहे आणि प्रवासवर्णन चांगलं व्हावं ही तळमळ आहे, म्हणून हातचं काही न राखता लिहिते.

भंडारदऱ्याच्या लेखातलं गावाचं नाव पुसून तिथे आंबोली लिही. मग तोरणमाळ लिहून बघ. लेख जसाच्या तसा चालतो. 'निसर्गरम्य परिसर', 'डोळ्यांचं पारणं फिटलं', 'जणू स्वर्गच', 'शहराच्या धकाधकीपासून दूर' ही वाक्यं कुठल्याही घाटमाथ्यावर बसतात. आणि जे फक्त तिथलंच आहे, म्हणजे राजूरहून रतनवाडीकडे जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते, अमृतेश्वराच्या मंदिरापाशी पावसाळ्यात गाडी कुठवर जाते, मुक्कामाला जेवणाचं आधी सांगावं लागतं का, ते लेखात कुठेच नाही. लेख पाठवण्याआधी नाव बदलून बघायची ही परीक्षा दर वेळी घेत जा. नाव बदलूनही जो परिच्छेद तग धरतो, तो काढून टाकावा असं माझं स्पष्ट मत आहे.

हे इतक्या आग्रहाने सांगते, कारण तुझा वाचक नुसता वाचत नाही. तो शनिवारी पहाटे बायको-मुलांना उठवून, कधी गुडघे दुखणाऱ्या आईलाही बरोबर घेऊन, तुझ्या शब्दावर निघतो. 'हरिश्चंद्रगड, सोपा ट्रेक' असं तू लिहिलंस. कुठल्या वाटेने सोपा? पाचनईहून चढलं तर दोन-अडीच तासांची, नवख्यालाही जमणारी वाट आहे, तरी पावसात कड्याखालच्या कातळावर शेवाळ धरतं आणि तिथे जपून जावं लागतं. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून गेलं तर चाल बरीच लांबते. आणि बेलपाड्याहून नळीच्या वाटेने जाणं म्हणजे उभ्या घळीतली चढाई. तिथे दोर आणि जाणकार माणूस बरोबर असल्याशिवाय पाऊल टाकू नये. गड एकच, १४२४ मीटरचा, पण 'सोपा' हा शब्द तिन्ही वाटांना लावलास तर चुकीच्या पायथ्याशी उतरलेल्या एखाद्याच्या जिवावर बेतेल. म्हणून विशेषणाआधी वाट लिही, महिना लिही, बरोबर कोण होतं ते लिही. तू ऑक्टोबरात, कोरड्या हवेत, तिशीच्या आतल्या मित्रांबरोबर गेला होतास, हे कळलं की वाचक आपला आपण हिशेब करतो.

याच गडाच्या कोकणकड्यावरचा परिच्छेद मला आवडला, तरी तो अर्धवट राहिला आहे. 'नशीब असेल तर इंद्रवज्र दिसतं' असं लिहून तू पुढे गेलास. नशिबाचा भाग आहेच, पण सगळंच नशिबावर नाही. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळचं ऊन आपल्या पाठीशी असावं लागतं आणि समोर दरीत ढग किंवा धुकं भरलेलं असावं लागतं. मग त्या ढगावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती रंगांचं गोल कडं उमटतं. एवढं समजलं की संध्याकाळी सूर्यास्ताच्या गर्दीत इंद्रवज्र शोधण्यात अर्थ नाही हे वाचकाला न सांगता कळतं. जिथे जिथे 'अद्भुत' लिहावंसं वाटेल, तिथे थांबून ते कसं घडतं हे शोध. कारण कळलं की वर्णनाला आपोआप धार येते, आणि निम्म्या वेळा 'अद्भुत' लिहायची गरजच उरत नाही.

आता माणसांबद्दल. तुझ्या लेखात एकही गावकरी बोलत नाही. एका आजींच्या हातची नाचणीची भाकरी आहे, 'साधीभोळी माणसं' आहेत, पण त्यांचं वाक्य नाही. साधीभोळी हे विशेषण तर कायमचं सोडून दे. ज्यांना अख्खा डोंगर, त्याचं पाणी, त्याची जनावरं पाठ आहेत त्यांना भोळं म्हणणारे आपण कोण? त्यांच्याशी बोलताना 'तुम्हाला इथे कसं वाटतं?' असलं काही विचारू नकोस. त्याला उत्तर 'बरं वाटतं' एवढंच येतं. कामाचं विचार. यंदा बाळहिरड्याला, म्हणजे वाळवलेल्या कोवळ्या हिरड्याला, व्यापाऱ्याने काय भाव दिला? भात कुठला लावलाय? मे महिन्यात पाणी कुठून आणता? मुलं दहावीनंतर कुठे जातात? मग माणूस खुलतो, आणि तुला लेख सापडतो.

पाण्याचंच घे. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. प्रवरेचं ते पाणी खाली जिल्ह्याच्या सपाट भागात जातं, तिथल्या उसाच्या शेतीचा मोठा आधार आहे. वर घाटघर हे राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. आणि तरीही घाटमाथ्यावरच्या पाड्यांत उन्हाळा आला की बायकांच्या डोक्यावर हंडे दिसतात. तू जलाशयाचा निळाशार फोटो टाकलास, छान आहे. त्याच्या खाली ही गोष्ट चार ओळींत आली असती तर तो फोटो लोकांच्या लक्षात राहिला असता. अंब्रेला फॉलबद्दलही तसंच. तो धरणाच्या भिंतीपाशीच आहे, पाणी सोडलं की सुरू होतो. हे न सांगितल्यामुळे ऐन हिवाळ्यात लोक तिथे जातात आणि कोरडी भिंत बघून परततात.

आणि एक. ज्या तालुक्यात तू तीन दिवस फिरलास, त्याच अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. राहीबाई पोपेरे यांनी तिथे गावठी वाणांची बियाणी जपून बियाणे बँक उभी केली, त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तू ताटातल्या भाताचं कौतुक केलंस, पण तो काळभात हा तिथला गावठी वाण होता की दुसरा कुठला हे विचारलं नाहीस. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, तेव्हापासून जो तो त्याच बारांवर लिहितोय. लिहू देत. तू मात्र रस्ता सोडून आतल्या गावात शिर.

काजव्यांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण पुढचा लेख तू त्यावर लिहिणार आहेस. मे अखेर ते पाऊस जोर धरेपर्यंतच्या थोड्या दिवसांत भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजवे लुकलुकतात. तो लुकलुकाट म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम थोड्या दिवसांचं, त्यात हीच जोडी जुळायची वेळ. अशा वेळी गाडीचे हेडलाइट, मोबाईलचा फ्लॅश, टॉर्च यांचा झोत झाडावर पडला की ती साद त्या उजेडात बुडून जाते. अळ्या जमिनीत, पाल्यापाचोळ्यात वाढतात, आणि फोटोसाठी लोक नेमके झाडाखालीच शिरतात. म्हणून त्या लेखात एखाद्या विशिष्ट झाडाचं लोकेशन अजिबात देऊ नकोस. गावाचं नाव दे, गावातला वाटाड्या घ्यायला सांग, गाडी गावातच लावायला सांग, वनखात्याने त्या वर्षी ठरवलेल्या वेळा आधी विचारून घ्यायला सांग. फोटो कमी मिळाले तरी चालतील. ज्या जागेने आपल्याला लिहायला दिलं, ती आपल्या लेखामुळे उजाड होऊ नये, याबाबतीत मी तडजोड करणार नाही आणि तूही करू नकोस.

पैशाचंही सांगून टाकते. रिसॉर्टवाल्याने फुकट ठेवून घेतलं, तर ते लेखाच्या सुरुवातीलाच, वाचकाला दिसेल असं लिही. शेवटच्या ओळीत लपवू नकोस. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२३ मध्ये याचे नियम स्पष्ट केले आहेत, फुकटचा मुक्कामही त्यात धरला जातो. नियम नसते तरी मी हेच म्हटलं असतं. आणि फुकट राहिलास तरी न्हाणीघरात पाणी नव्हतं तर नव्हतं असं लिही.

लेखाखाली गेल्याची तारीख टाकायची सवय लाव. एसटीच्या वेळा, प्रवेशाचे नियम, दर हे सगळं बदलतं. वर्षाने एकदा फोन करून तपास आणि दुरुस्त कर. आजींचा फोटो त्यांना विचारून घेतला असशीलच. तो छापील करून पुढच्या खेपेला त्यांना नेऊन दे.

मे महिन्याला अजून अवकाश आहे. त्याआधी एकदा मुक्कामाच्या एसटीने जा, साम्रदला किंवा रतनवाडीला एकाच घरी राहा, तिसऱ्या दिवसापर्यंत कॅमेरा बाहेर काढू नकोस. वहीत रोज रात्री लिही, कुणी काय म्हटलं ते त्यांच्याच शब्दांत. मग भंडारदऱ्याचा लेख नव्याने लिहून मला पाठव, फोटो न जोडता. मी लाल पेन घेऊन बसते.

तुझी,
ताई