विहिरीच्या पायऱ्या उतरून ये

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझी गोष्ट दोनदा वाचली. भाषा नितळ आहे आणि भावंडांची भांडणं तर अगदी खरी उतरली आहेत. पण ती माळ्यावरची पेटी उघडतात, पलीकडे बर्फाचं जंगल आणि पंखवाल्या पऱ्या निघतात, तिथे माझं मन लागेना. साताऱ्याची पोरं ना ती? मग त्यांना बर्फात कशाला नेलंस?

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर तू पाहिली असशील. पुन्हा जा, कुणाला तरी सोबत घेऊन. विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतलेली ती विहीर. अष्टकोनी घेर, काठावर पाणी उपसायच्या मोटांच्या जागा आणि पायऱ्या उतरताना मध्येच दगडी महाल. तिथे शरभ कोरलेत. सिंहासारखा, तरी सिंह नव्हे असा तो कल्पनेतला प्राणी. मोटा कधीच्या थांबल्या, त्याची राखण मात्र चालूच आहे. तीनशे वर्षं तो कशावर नजर ठेवून असेल? तुझी पेटी इथेच आहे बघ.

आणि त्या पाण्यात आसरा, म्हणजे जलदेवता, आहेत. माझी आजी विहिरीच्या काठी हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, दहीभात ठेवायची. भर दुपारी आम्हाला तिकडे फिरकू द्यायची नाही. उघड्या विहिरीत पोर पडू नये, ही काळजीही त्या धाकात होती, हे मला फार उशिरा कळलं. तो धाक गोष्टीतून पुसू नकोस. आसरांना गोडगोड करू नकोस. त्या मान मागतात, रुसतात.

तुझी परी संकट आलं की येते, काम झालं की जाते. तिचं स्वतःचं काय अडलंय? पिंपळावरचा मुंजा घे. मुंज झाली आणि लग्नाआधीच गेला, म्हणजे तुझ्या नायकाच्याच वयाचा असू शकतो. त्याला सोबती हवा असेल. चकवा रात्री माणसाला त्याच त्या बांधावर फिरवत ठेवतो. त्याला त्या शेतात काही लपवायचं असेल. असं प्रत्येकाचं हवं-नको ठरव, मग नियम आपोआप सुचतील: कोण कुठली हद्द ओलांडत नाही, कुणाला काय दिल्याशिवाय वाट मिळत नाही.

कासच्या पठारावर पावसाळ्यात गुडघे टेकून बसलास तरी खूप सापडेल. सीतेची आसवं म्हणून जांभळ्या-निळ्या फुलांची इवली रोपं आहेत. वरून किती साधी! पण चिखलाखाली बारीक पिशव्या असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव ओढून घेतले जातात. दवबिंदू नावाच्या रोपाच्या पानांवर चमकतं ते दव नव्हे, चिकट सापळा आहे. यात मी पदरचं काही घातलेलं नाही. मुलांना लपलेलं जग दाखवायचं तर आधी अशी लपलेली जागा दाखव, म्हणजे पुढची जादू ती विश्वासाने ऐकतील.

आता पहिलं प्रकरण नव्याने लिही. पेटी काढून टाक. दुपारची वेळ, थोरला पाण्यापर्यंत उतरलाय, धाकटी वर शरभाजवळ थांबलीय आणि पाण्यावर बांगड्यांचा आवाज येतोय. तो फक्त तिलाच ऐकू येऊ दे. तुझ्या कच्च्या खर्ड्यात तू तिला घरीच ठेवलं होतंस, ते मला अजिबात पटलं नाही.

तुझा,
काका