बाजारात तुरी : न आलेल्या प्लेयरबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी जवळपास सगळ्यांनी एकच विषय लावून धरलाय. एका मोठ्या कंपनीचा खिशात मावणारा नवा म्युझिक प्लेयर येतोय अशी आवई उठलीये, कंपनी गप्प आहे आणि बाकी सगळे बोलतायत. आता मीही अंदाजच करणार, दुसरं काय, पण कशावरून करतेय ते तरी सांगते. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण बहुतेक उत्तरं कुठल्याही कंपनीला लागू पडतील.

प्रश्न : ताई, नव्या प्लेयरचा फोटो सगळीकडे फिरतोय. पुढून सगळी स्क्रीनच आणि खाली गोल चाक, तेही स्क्रीनवर उमटणारं. खरं असेल का हे?

तो फोटो नाहीये हो, कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून काढलेलं चित्र आहे. नीट बघा, प्लेयरची सावली एकीकडे पडलीये आणि तो धरलेल्या बोटांची भलतीकडे.

आणि गंमत म्हणजे हेच चित्र आपण आधी पाहिलंय. जुन्या आयपॉडवर, म्हणजे ॲपलच्या म्युझिक प्लेयरवर, गाण्यांची यादी फिरवायला बोटाने फिरवायचं गोल चाक असायचं. २००६ मध्ये रुंद स्क्रीनच्या आयपॉडची अशीच हवा होती, पूर्ण अंगभर स्क्रीन आणि त्यावर बोट ठेवलं की उमटणारं चाक, आणि हे अगदीच हवेत नव्हतं कारण स्क्रीनवरच्या चाकाचा पेटंट अर्ज खुद्द ॲपलनेच केलेला होता. मग ९ जानेवारी २००७ ला स्टीव्ह जॉब्सने आयफोन दाखवला, त्यातला आयपॉड खरंच रुंद स्क्रीनचा आणि टचवर चालणारा होता, सप्टेंबरमध्ये आयपॉड टचही आला, आणि चाक? दोन्हीत कुठेच नाही. यादी बोटाने वर ढकलायची, झालं. म्हणजे स्क्रीनची बातमी खरी निघाली, टचची खरी निघाली, पण चाक गेलं तर यादी फिरवायची कशी हेच कुणाला सुचत नव्हतं म्हणून सगळ्यांनी ते चित्रात ठेवून दिलं होतं. पेटंटचंही तसंच, कंपन्या सुचेल त्याचा अर्ज टाकून ठेवतात, त्यातलं बरंचसं कधीच दुकानात येत नाही.

आताचं माझं मत विचाराल तर खरं, फिरणारं किंवा दाबायचं चाक परत येऊ शकतं, जुन्याची ओढ असणारं गिऱ्हाईक आहे आणि चाक काही फार महाग पार्ट नाही. पण चाकाची अफवा पसरवणारी तीच मंडळी म्हणतायत की यात स्ट्रीमिंग पण असणार. आता स्ट्रीमिंगमध्ये आपण काय करतो, तर नाव टाइप करून शोधतो, आणि चाकाने एकेक अक्षर निवडत गाणं शोधायचं म्हणजे गाणं सापडेपर्यंत ऐकायचा मूडच जाईल. स्वतःची हजार-दोन हजार गाणी असतील तर चाकासारखं सुख नाही, लाखो गाण्यांच्या कॅटलॉगला ते पुरं पडत नाही. म्हणून या दोन अफवा सुट्या सुट्या पटतात, एकत्र पटत नाहीत.

प्रश्न : फॅक्टरीतून चिपची माहिती बाहेर आलीये आणि त्या चिपमध्ये एफएम आहे म्हणे. म्हणजे रेडिओ फिक्स समजायचा ना?

नाही. आणि हा प्रश्न आला ते बरं झालं, कारण सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे.

२००९ चा सप्टेंबर आठवा. आयपॉड टचमध्ये कॅमेरा येणार याची इतकी खात्री होती की केस बनवणाऱ्यांनी मागे भोक पाडलेली कव्हरंसुद्धा तयार ठेवली होती. ९ तारखेला कार्यक्रम झाला, कॅमेरा आला, पण टचमध्ये नाही, छोट्या आयपॉड नॅनोमध्ये! वर त्याला एफएम रेडिओ पण दिला. मग नवी उपकरणं खोलून आत काय आहे ते दाखवणाऱ्या आयफिक्सिटवाल्यांनी नवा टच खोलला तर आत कॅमेरा बसेल एवढी जागा रिकामी, आणि वायफायसाठी जी ब्रॉडकॉम कंपनीची चिप लावलेली ती एफएम झेपणारी, वायफायचं त्या वेळचं नवं ८०२.११एन पण झेपणारी. यातलं गिऱ्हाइकाला काय मिळालं, तर काहीच नाही. चिप होती, सुविधा बंद. कॅमेरा टचमध्ये आला तो पुढच्या वर्षी, २०१० ला.

तर अफवा येते कुठून ते बघा. पार्ट पुरवणारे, केस बनवणारे, जोडणी करणारे, या लोकांना पार्ट दिसतो, निर्णय दिसत नाही. निर्णय होतो भलत्याच खोलीत, तिथे कुणीतरी म्हणतं की हे याच वर्षी दिलं तर पुढच्या वर्षी काय विकायचं, किंवा बॅटरी दोन तासांनी कमी होतेय, किंवा आपलाच दुसरा महागडा माल मार खाईल. अशा खोलीतलं सहसा लीक होत नाही. त्यामुळे पार्टची बातमी मी बऱ्यापैकी खरी धरते आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष अर्धाच धरते. शिवाय आजकाल एकाच चिपमध्ये वायफाय, ब्लूटूथ, एफएम सगळं कोंबलेलंच असतं, कंपनीने ती एफएमसाठी घेतली असं मुळीच नाही.

रेडिओबद्दल अजून एक. बहुतेक छोट्या प्लेयरमध्ये हेडफोनची वायरच ॲंटेनाचं काम करते. आणि याच प्लेयरबद्दल दुसरी अफवा काय, तर हेडफोनचा जॅक काढून टाकणार. मग ॲंटेना आणायची कुठून? रेडिओ हवा असेल तर आधी जॅक राहतोय का ते बघा.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मला ब्लूटूथवर लॉसलेस मिळणार का एवढंच सांगा ताई, बाकी काही नको.

मिळू शकतं, पण तुझा हेडफोन कोणता आहे त्यावर निम्मं ठरतं. लॉसलेस म्हणजे मूळ आवाजातलं काहीही न गाळता पोचणं, आणि हिशोब सोपा आहे. सीडीमध्ये सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, डावा-उजवा मिळून दोन चॅनेल, म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट. सोनीचं एलडॅक (हा एक कोडेक, म्हणजे ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायची पद्धत) जास्तीत जास्त ९९० किलोबिट नेतं, आणि सिग्नल डळमळला की ६६० नाहीतर ३३० वर उतरतं. म्हणजे चांगलं आहे, पण लॉसलेस म्हणता येत नाही. चिप बनवणाऱ्या क्वालकॉमने २०२१ मध्ये ॲप्टएक्स लॉसलेस नावाचा कोडेक जाहीर केला, त्यात सीडीचा दर्जा न गमावता दाबून पाठवायची सोय आहे, पण प्लेयर आणि हेडफोन दोन्हीकडे ते असलं पाहिजे आणि सिग्नलही दणकट पाहिजे, एकाकडेच असेल तर दोघांना जमेल त्या साध्या कोडेकवर गाडी येते. आणि ते २४ बिट १९२ किलोहर्ट्झ (सेकंदाला १,९२,००० नमुने, प्रत्येक २४ बिटांचा) ब्लूटूथवर लॉसलेस देणार असं कुणी म्हणत असेल तर हसून सोडून दे, ते ९२०० किलोबिटच्या वर जातं, कितीही दाबलं तरी आजच्या ब्लूटूथमध्ये मावत नाही. तुझ्याकडे वायरवाला बरा हेडफोन असेल तर या भानगडीत पडूच नकोस.

प्रश्न : एका चार्जमध्ये १०० तास चालणार असं वाचलं. आणि बॅटरी आपली आपण बदलता येणार हेही. दोन्ही थापा वाटतात.

पहिली थाप वाटते, दुसरी नाही.

समजा आत १५०० एमएएचची बॅटरी आहे, एवढ्याशा वस्तूला साधारण तेवढी धरू. ३.७ व्होल्टने गुणलं की साडेपाच वॉट-तास होतात. ते १०० तासांना वाटलं तर सरासरी ५५ मिलिवॉट वाट्याला येतात, आणि त्यात डीएसी (फाइलमधल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी चिप), अँप (तो सिग्नल हेडफोनसाठी वाढवणारा), प्रोसेसर, मेमरी, स्क्रीन सगळ्यांनी भागवायचं. मोठी रंगीत स्क्रीन नुसती पेटवून ठेवली तरी याच्या कितीतरी पट खाते. म्हणजे स्क्रीन नसलेला, वायफाय नसलेला, साधी एमपीथ्री वाजवणारा प्लेयर असेल तर जमेल बहुतेक, पण अफवेतला प्लेयर ॲंड्रॉइडवर चालणारा, स्ट्रीमिंगवाला, मोठ्या स्क्रीनचा आहे. पहिल्या आयपॉडचा कंपनीचा दावा १० तासांचा होता. १०० तासांचा आकडा छापलाच तर खाली बारीक अक्षरात स्क्रीन बंद, वायफाय बंद, आवाज अमुक इतकाच, असं सगळं असणार.

बॅटरी बदलण्याचं मात्र खरं होऊ शकतं, आणि ते कुणाच्या चांगुलपणामुळे नाही. युरोपियन युनियनचा २०२३ चा बॅटरी कायदा आहे, त्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. एका बाजारासाठी वेगळं आणि बाकी जगासाठी वेगळं मॉडेल काढणं परवडत नाही, त्यामुळे ज्याने आत्ता डिझाइन सुरू केलंय तो हे डोक्यात ठेवूनच करत असणार. या सगळ्या अफवांमधली हीच मला सगळ्यात भरवशाची वाटते, हिच्यामागे तारीख आहे.

प्रश्न : मग भरवशाची अफवा ओळखायची कशी?

वर बरंचसं आलंच. एक सरकारी वाट सांगते. रेडिओ लहरी सोडणारं यंत्र अमेरिकेत विकायचं तर एफसीसीची, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामक संस्थेची मंजुरी लागते आणि मंजुरीचे कागद कुणालाही बघता येतात. फोटो आणि मॅन्युअल कंपनी काही महिने झाकून ठेवायला सांगू शकते, पण कुठला वायफाय, कुठला ब्लूटूथ हे कळतं. तिथे नाव आलं की वस्तू आहे हे नक्की. तोवर सगळ्या गप्पा.

प्रश्न : २ टीबीचं मेमरी कार्ड चालणार म्हणे! केवढी मोठी गोष्ट.

मोठी बिठी काही नाही. एसडीएक्ससी नावाच्या प्रकारच्या मेमरी कार्डाची मर्यादाच २ टीबी आहे, कार्डाची खाच त्या प्रकारची असली की कागदोपत्री तो आकडा कुणीही लिहू शकतं. सीडीच्या दर्जाचं, जराही न दाबलेलं ऑडिओ तासाला साधारण ६३५ एमबी होतं, म्हणजे २ टीबीत तीन हजार तासांच्या वर. ऐकणार कधी?

प्रश्न : वायफायवरून दुसऱ्याच्या प्लेयरवर गाणं पाठवता येणार आहे अशी बातमी आहे. हे तर भन्नाट झालं!

मायक्रोसॉफ्टचा झ्यून नावाचा प्लेयर आला नोव्हेंबर २००६ ला तेव्हा हेच भन्नाट वाटलं होतं. खरंच पाठवता यायचं. पण समोरच्याला ते गाणं तीनदाच ऐकता यायचं, तेही तीन दिवसांच्या आत, मग कुलूप. आणि मुळात समोरच्याकडेही झ्यूनच पाहिजे, जो बिचाऱ्याकडे नसायचाच. फीचरची अफवा येते तेव्हा अटी कधी सोबत येत नाहीत, त्या खोक्यातूनच निघतात. गाण्यांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या कंपन्या आजही तितक्याच सावध आहेत, त्यामुळे आलंच तर आपण रेकॉर्ड केलेलं काहीतरी पाठवता येईल नाहीतर नुसती लिंक जाईल, असा माझा होरा.

प्रश्न : यात अमुक कंपनीची टॉपची डीएसी चिप आहे असं कळलं, म्हणजे आवाजाची काळजीच मिटली की.

चिपचं नाव म्हणजे आवाज नव्हे. त्याच चिपच्या पुढे अँप कसा आहे, तुमच्या हेडफोनला लागतो तेवढा जोर देतो का, पॉवर सप्लाय किती स्वच्छ आहे, यावर जास्त ठरतं. आणि चिप शेवटच्या क्षणी बदलूही शकते. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथला एकेएम या डीएसी चिप बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना जळाला, महागड्या प्लेयरमध्ये त्यांच्या चिपा सर्रास असायच्या, पुरवठा आटला आणि कितीतरी कंपन्यांना डिझाइन मोडून दुसऱ्याच्या, बऱ्याचदा ईएसएस या प्रतिस्पर्धी कंपनीच्या चिपेवर जावं लागलं. काहींनी तर प्लेयरचं नाव तेच ठेवून आतली चिप बदलली. त्या वेळी ज्यांनी अफवा वाचून 'एकेएमचाच मखमली आवाज हवा' म्हणून वाट पाहिली त्यांच्या हातात वेगळीच वस्तू पडली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ती आवडली पण, हेही सांगितलं पाहिजे.

प्रश्न : माझा जुना प्लेयर शेवटच्या घटका मोजतोय. थांबू का आत्ताच एखादा घेऊ?

एफसीसीत नाव नाही, तारीख नाही, किंमत नाही, अशा वस्तूसाठी मी थांबणार नाही. फक्त एक गोष्ट, थांबा किंवा घ्या, तुमची गाणी एमपीथ्री किंवा फ्लॅकमध्ये (दर्जा न गमावता दाबलेली फाइल), कुलूप नसलेली, कॉम्प्युटरवर एका जागी जमवून ठेवा आणि त्याची अजून एक कॉपी करा. झ्यूनचाच किस्सा परत, मायक्रोसॉफ्टने आधी 'प्लेजफॉरशुअर' नावाची योजना काढली होती, म्हणजे हा शिक्का असलेल्या दुकानातली गाणी तोच शिक्का असलेल्या प्लेयरवर वाजणार, त्या शिक्क्याच्या दुकानातून लोकांनी पैसे मोजून गाणी घेतली, आणि मग त्यांचाच झ्यून आला तर त्यावर ती वाजेनात. गाणी मोकळी असतील तर कुठलाही प्लेयर येऊ दे, चाकवाला, बिनचाकाचा, तुम्ही केबल लावून अर्ध्या तासात तयार. आणि जुना टाकू नका हो लगेच, बरेचदा नुसती बॅटरी गेलेली असते, आधी कुणाकडून तरी तेवढी तपासून घ्या.