व्हर्च्युअलबॉक्समधलं उबुंटू रांगत चालतं. रॅम आणि कोअर वाढवूनही फरक का पडत नाही?

व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे विंडोजच्या आत दुसरा, आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणारा प्रोग्राम, आणि तुमच्या त्या मशीनमध्ये उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तुमच्या प्रश्नातलं खरं दुखणं तुम्ही सहज लिहून गेलेल्या एका वाक्यात दिसतं: ‘सी ड्राइव्ह भरत आला होता म्हणून मशीन डी ड्राइव्हवर ठेवलं.’ लॅपटॉप अकराव्या पिढीचा आय-५, चार कोअर, ८ जीबी रॅम, विंडोज ११, २५६ जीबीची एसएसडी आणि १ टीबीची हार्डडिस्क. त्यातून उबुंटू २४.०४ ला तुम्ही ६ जीबी रॅम आणि चारही कोअर देऊन बसलात, तरी टर्मिनल उघडायला दहा सेकंद जातात.

अशा लॅपटॉपमध्ये डी ड्राइव्ह म्हणजे बहुतेक वेळा ती फिरणारी हार्डडिस्कच असते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर डिस्कच्या नावाखाली एचडीडी की एसएसडी ते लिहिलेलं दिसेल, आधी तेवढं बघा. लॅपटॉपमधली हार्डडिस्क सहसा मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, त्यात डोकं सरकण्याचा वेळ. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे तर सेकंदाला शंभरही होत नाहीत. उबुंटू सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचतं, आणि त्या सगळ्या विंडोजच्या दृष्टीने एकाच अवाढव्य व्हीडीआय फाइलच्या (आभासी मशीनची अख्खी डिस्क जिच्यात असते ती फाइल) पोटात इकडेतिकडे पडलेल्या असतात. एसएसडीला डोकं हलवावं लागत नाही. ती असली वाचनं सेकंदाला हजारोंनी करते.

म्हणून पहिलं काम हे: मशीन पूर्ण बंद करा (‘सेव्ह स्टेट’ नको, नीट शटडाउन), एसएसडीवर ३०-३५ जीबी जागा मोकळी करा, आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्या मशीनवर राइट क्लिक करून ‘मूव्ह’ वापरा. फाइल हाताने उचलून ठेवू नका, नोंदी तुटतात. मग स्टोरेजमध्ये त्या डिस्कपुढच्या ‘सॉलिड-स्टेट ड्राइव्ह’ या चौकोनात टिक करा, म्हणजे उबुंटूलाही आपण कशावर बसलोय ते कळेल. जागेसाठी फोटो आणि व्हिडिओ डी वर हलवा. त्यांना हार्डडिस्क चालते, ऑपरेटिंग सिस्टिमला नाही.

आता रॅमचं. तुम्ही पाहुण्याच्या पानात इतकं वाढलंत की यजमान उपाशी राहिला. ८ पैकी ६ जीबी गेल्यावर विंडोज ११ ला उरतात जेमतेम दोन, आणि त्यातच ब्राउझर, अँटीव्हायरस आणि खुद्द व्हर्च्युअलबॉक्स. विंडोज मग आपला पसारा पेजफाइलमध्ये, म्हणजे डिस्कवर टाकायला लागतं. गेस्टच्या, म्हणजे पाहुण्या उबुंटूच्या, आत बघितलं तर रॅम मोकळी दिसते, तरी सगळं अडखळतं, कारण अडखळणारा आत नाही, बाहेर आहे. उबुंटूला ४ जीबी ठेवा. २४.०४ साठी उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीची शिफारसही तेवढीच आहे. आणि व्हर्च्युअल मशीन चालू असताना विंडोजमधला ब्राउझर खरोखर बंद करा.

कोअरच्या बाबतीत ‘जास्त तेवढं बरं’ हा समज फार खोल रुजलेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुमच्या आय-५ मध्ये कोअर चार, थ्रेड आठ. गेस्टला चार दिले की विंडोजची कामं त्याच चार कोअरवर येऊन रांगेत उभी राहतात. समजा गेस्टच्या एका आभासी कोअरने कर्नलमधलं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातलं, एखादं कुलूप (एका वेळी एकालाच मिळणारा ताबा) धरलंय आणि नेमक्या त्याच क्षणी विंडोजने त्याला बाजूला काढून दुसरं काम लावलं. बाकीचे तीन कोअर ते कुलूप सुटायची वाट पाहत नुसते गरागरा फिरत राहतात. वापर शंभर टक्के दिसतो आणि काम शून्य. दोन कोअर द्या. तुमच्या लॅपटॉपवर दोन कोअरचं उबुंटू चारपेक्षा चपळ वाटण्याचीच शक्यता जास्त.

‘बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करा’ हा सल्ला तुम्हाला अनेकांनी दिला असेल. तुमच्याकडे ते चालूच आहे. प्रोसेसरमधली ही सोय इंटेलने २००५ मध्ये आणली, आणि ६.१ आवृत्तीपासून व्हर्च्युअलबॉक्स तिच्याशिवाय गेस्ट चालवतच नाही. तुमचं उबुंटू सुरू होतंय हाच पुरावा.

पण एक गोष्ट जरूर तपासा: मशीन चालू असताना खिडकीच्या खालच्या पट्टीत उजवीकडे हिरवं कासव दिसतंय का? दिसत असेल तर प्रोसेसरची ती सोय आधीच विंडोजच्या हायपर-व्हीने (विंडोजची स्वतःची आभासी मशीनची यंत्रणा) ताब्यात घेतलीय आणि व्हर्च्युअलबॉक्स तिच्यामार्फत, वळसा घालून चालतंय. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय), डॉकर डेस्कटॉप किंवा विंडोज सिक्युरिटीमधली ‘मेमरी इंटेग्रिटी’ यांपैकी काहीही चालू असलं तरी असं होतं, आणि नव्या लॅपटॉपवर मेमरी इंटेग्रिटी बहुधा आधीपासूनच चालू असते. ती बंद केली की कासव जाऊ शकतं, पण ती कर्नलचं संरक्षण करणारी गोष्ट आहे. बँकेचे व्यवहार त्याच लॅपटॉपवर करत असाल तर मी ती बंद करणार नाही, थोडा वेग सोडून देईन. बूटच्या सेटिंगमध्ये काहीही बदलण्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती नसताना स्वतःच्याच लॅपटॉपबाहेर अडकलेली मुलं मी पाहिलीत.

मी काही वर्षं एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळत होतो. तिथे रोज सकाळी दहाच्या तासाला सगळी व्हर्च्युअल मशीनं एकदम गारठायची आणि साडेअकराला आपोआप ठीक व्हायची. मी दोन आठवडे रॅमवर संशय घेतला, प्राचार्यांकडे नव्या रॅमचा अर्जही दिला. मग एका सकाळी विंडोजचा रिसोर्स मॉनिटर उघडून डिस्कचा रकाना पाहिला: अँटीव्हायरसची ठरलेली तपासणी दहाला सुरू होत होती आणि प्रत्येक मशीनवरची २० जीबीची व्हीडीआय फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होती. तपासणीची वेळ रात्रीची केली, व्हीडीआयचा फोल्डर तिच्यातून वगळला, आणि दुसऱ्या दिवशीचं प्रॅक्टिकल वेळेत संपलं. तुमच्याकडेही ते फोल्डर वगळा. उबुंटूत उतरवलेल्या फायली विंडोजमध्ये आणून उघडण्याआधी मात्र तपासून घ्या.

त्या लॅबमुळेच मी स्नॅपशॉटबद्दल, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवण्याच्या सोयीबद्दल, कडक झालो. प्रत्येक स्नॅपशॉटनंतर बदल एका नव्या फाइलीत जातात आणि वाचताना ती साखळी मागे मागे धुंडाळावी लागते. प्रयोग झाला की स्नॅपशॉट काढून टाका. त्याला बॅकअप समजू नका.

पडद्याबद्दल: गेस्ट ॲडिशन्स (उबुंटूच्या आत टाकायचे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर) व्हर्च्युअलबॉक्सच्याच आवृत्तीच्या टाका, मशीनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये व्हीएमएसव्हीजीए, व्हिडिओ मेमरी १२८ एमबी आणि थ्रीडी चालू. उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली ग्राफिक्ससमोर एलएलव्हीएमपाइप लिहिलेलं असेल तर प्रत्येक खिडकीची प्रत्येक हालचाल बिचारा प्रोसेसर हाताने रंगवतोय असं समजा. थ्रीडीने चित्र फाटायला लागलं तर ते बंद करून झुबुंटू (Xubuntu, उबुंटूचाच हलका अवतार) वापरा. त्याचा एक्सएफसीई डेस्कटॉप अशा लॅपटॉपवर फार सुखाचा आहे.

आणि तुमचा प्रोजेक्ट शेअर्ड फोल्डरमध्ये असेल, तर तो गेस्टच्या स्वतःच्या डिस्कवर आणा. उदाहरणार्थ, नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) प्रोजेक्टमध्ये हजारो छोट्या फायली असतात आणि शेअर्ड फोल्डरमधली प्रत्येक फाइल उघडताना गेस्टला होस्टचं, म्हणजे यजमान विंडोजचं, दार ठोठवावं लागतं. कोडची देवाणघेवाण गिटने करा.

हे सगळं एकदम करू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. आधी डिस्क हलवा, मग उबुंटूच्या टर्मिनलमध्ये व्हीएमस्टॅट लिहून जागा सोडून १ टाका (vmstat 1) आणि त्याच वेळी एखादं जड काम चालवा. डब्ल्यूए (wa, डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ) हा रकाना सतत दोन आकडी राहिला तर डिस्क अजून अडवतेय. एसआय आणि एसओ (si आणि so, रॅम आणि डिस्कमधली स्वॅपची ये-जा) शून्यावर नसतील तर गेस्टलाच रॅम कमी पडतेय. दोन्ही शांत असूनही उबुंटू रांगत असेल, तर ते आकडे आणि खालच्या पट्टीत कासव आहे की नाही एवढं इथेच लिहा, पुढचं पाहू.